असं का होतं? : हॉर्न वाजतो, मग गाडी का उठत नाही?

डिसेंबरातली सकाळ. कळमनुरीहून नांदेडला निघायचंय, पण सेल्फ दाबला की गाडी नुसती टक्‌टक्‌ करते. हॉर्न मात्र खणखणीत! मग बॅटरी गेली म्हणायची की नाही?

हँडलवर बसणारा छोटा व्होल्टमीटर याचं उत्तर देतो. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घरं, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट, म्हणून भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते. पण खरी परीक्षा सेल्फ मारतानाच. स्टार्टर हॉर्नच्या कितीतरी पट करंट ओढतो. जुन्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट साचलेलं, त्यात थंडीने रासायनिक क्रिया मंदावलेली. गाळ धरलेल्या नळाला बारीक धार येते, जोर नसतो, तसंच. आकडा ९ च्या खाली कोसळला की बॅटरी थकली.

इंजिन चालू असताना आकडा १३.५ ते १४.५ हवा. तो चढतच नसेल, तर आधी चार्जिंगची वायरिंग आणि रेग्युलेटर तपासा. नवी बॅटरी घालूनही तीच बोंब राहील.

मीटर जोडताना तार चावीच्या पुढून घ्या, मध्ये फ्यूज घाला. थेट बॅटरीला जोडलेला मीटर उभ्या गाडीतही रात्रंदिवस थोडा थोडा करंट पीत राहतो.