चिगरीमुळे धूर खरंच कमी होतो का? हिशेब मांडतात तरी कसा?

हुबळी : बेळगाव-कोल्हापूरकडून जुन्या पी. बी. रोडने धारवाडात शिरलं की रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या पट्ट्यातून पळणारी वातानुकूलित बस दिसते. तिचं नाव चिगरी. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण. सुमारे २२ किलोमीटरचा हा बीआरटीएस मार्ग २०१८ मध्ये चाचणीसाठी सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचं रीतसर उद्घाटन झालं. आता मात्र ‘पट्टा काढा, सगळ्यांना रस्ता मोकळा करा’ अशी मागणी दोन्ही शहरांत जोर धरते आहे. पालकमंत्री संतोष लाड यांनी याच मार्गावर इलेक्ट्रिक ट्रामसारख्या व्यवस्थेचा विषयही काढला. पुण्यात नगर रस्त्यावरची बीआरटी २०२३ मध्ये उखडली गेली, ते वाचकांना आठवत असेलच.

या वादात दोन्ही बाजू प्रदूषणाचं नाव घेतात. पण धूर मोजतात कसा?

गाडी किती धूर सोडते हे फक्त इंजिनावर ठरत नाही, ती कशी चालवली जाते यावरही ठरतं. म्हणून संशोधक आधी ‘ड्रायव्हिंग सायकल’ तयार करतात. म्हणजे एका ठरावीक वेळेत गाडी किती वेळ वेग घेते, किती वेळ कमी करते, किती वेळ एकसारखी धावते आणि किती वेळ नुसती उभी राहून इंजिन फुरफुरत ठेवते, याचा आलेख. भारताची जुनी सायकल १०८ सेकंदांची, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. पण प्रयोगशाळेतला हा आलेख आणि आपला रस्ता यांची गाठ क्वचितच पडते. मुंबई आयआयटीच्या संशोधकांनी पुण्याच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष गाड्यांच्या नोंदी घेऊन खास पुण्याची सायकल बनवली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी हेच चार भाग आणि सरासरी वेग अशा पाच गोष्टी धरल्या होत्या.

थांबण्याला एवढं महत्त्व का? साधा हिशेब करून बघा. भरलेली बस सुमारे १५ टन वजनाची. ती उभी असताना ताशी ५० च्या वेगाला न्यायची, तर इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तरी शंभर मिलिलिटरहून जास्त डिझेल जातं. म्हणजे दर ब्रेकला एक कटिंग चहा रस्त्यावर ओतल्यासारखं! गाडी परत थांबली की तो सगळा जोर ब्रेकच्या उष्णतेत जातो. वेगळ्या पट्ट्याचा मुख्य फायदा इथेच आहे. अधलेमधले ब्रेक टळतात, बस फक्त थांब्यावर आणि सिग्नलला थांबते.

पण दुसरी बाजूही खोटी नाही. बाजूच्या अरुंद झालेल्या पट्ट्यांत मोटारसायकली, रिक्षा, टेम्पो खोळंबले तर त्यांचा उभ्या-उभ्या निघणारा धूरही याच हिशेबात धरावा लागतो. फक्त बसचा आकडा दाखवणं म्हणजे अर्धंच पान वाचणं झालं.

आणि खरी मेख आहे ती प्रवाशांच्या संख्येत. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा २.३ किलो. बस लिटरला ४ किलोमीटर देते असं धरा. २२ किलोमीटरला साडेपाच लिटर, म्हणजे जवळपास १५ किलो. बसमध्ये ५० माणसं असतील तर माणशी ३०० ग्रॅम. एकट्याने चालवलेली, लिटरला १५ देणारी कार तेवढ्याच अंतरात ३ किलोच्या वर जाते. लिटरला ५० देणारी मोटारसायकल मात्र साधारण एक किलोच. त्यामुळे दुपारी दहाच माणसं घेऊन जाणारी बस माणशी हिशेबात दुचाकीला हरते. १५ च्या आसपास प्रवासी झाले की पारडं फिरतं. (नायट्रोजन ऑक्साइड आणि धुळीचे कण यांचा हिशेब वेगळा, तिथे गाडी बीएस-६ आहे की जुनी, हे आधी बघतात.)

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. बसमधले ५० जण बस नसती तर कशाने गेले असते? जुन्या लाल बसनेच गेले असते तर बचत थोडी, दुचाकी किंवा कार घरी ठेवून आले असतील तर जास्त. हे कळायला थांब्यावर उभं राहून माणसांनाच विचारावं लागतं.

हुबळीत विद्यानगरला केएलई तंत्रशास्त्र विद्यापीठ याच मार्गाला लागून आहे, धारवाडात आयआयटीही आहे. एका चिगरीत आणि बाजूच्या पट्ट्यातल्या चार-पाच गाड्यांत जीपीएस ठेवून महिनाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ नोंदी घेतल्या, जोडीला थांब्यांवर प्रवाशांची मोजणी केली, तर पट्टा ठेवायचा की काढायचा या वादात निदान दोन्ही बाजूंचे आकडे एकाच वहीत येतील. पट्टा एकदा उखडला की ‘आधी’चं मोजमाप परत घेता येणार नाही.