लसूण : काय खुडावें व काय राखावें

गेल्या हिवाळ्यांत लालबागच्या एका विद्यार्थ्यानें चाळीच्या सज्जांत, तेलाच्या रिकाम्या डब्यांत लसूण लाविला. त्याची आई दर आठवड्यास पात कापून चटणी करी. मार्चमध्यें मोठ्या आशेनें डबा उपडा केला, तों गड्डे सुपारीएवढेही नव्हते! "सर, खत-पाणी तर वेळेवर दिलें, मग चुकलें कोठें?" असें त्यानें मला विचारलें. त्याचें उत्तर सर्वांसच उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहें.

लसणाचा गड्डा ही झाडाची शिदोरी होय. पानें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितात आणि त्यांतून उरेल तें गड्ड्यांत सांठतें. वारंवार पात कापणें म्हणजे घरांतील कमावता हातच तोडणें होय.

फुलाच्या दांड्याची गोष्ट मात्र उलट आहे. पान चपटें असतें. दांडा गोल, भरीव असून झाडाच्या मध्यांतून निघतो. कांद्याच्या अशा दांड्यास शेतकरी डेंगळा म्हणतात. लसणाच्या दांड्याच्या टोंकाशीं फुलें व चिमुकल्या पाकळ्या येतात, आणि त्यांचें पोषण गड्ड्याच्या वांट्यांतून होतें. लागवड तर गड्ड्याच्या पाकळ्यांनींच करावयाची असते. म्हणून हा दांडा वेळींच काढिल्यास गड्डा पोसतो.

काश्मीरसारख्या थंड प्रदेशांतील कांहीं जातींस असे दांडे नेमानें येतात. चीनमध्यें तर त्यांची भाजी बाजारांत विकतात. मुंबईचा हिवाळा सौम्य असल्यामुळें व आपल्याकडील जाती निराळ्या असल्यामुळें गिरगांव-परळच्या कुंड्यांत दांडा क्वचितच दिसतो. दिसलाच, तर तो पानांच्या वर येऊन वांकूं लागतांच सर्वांत वरच्या पानाच्या किंचित् वर कात्रीनें कापावा. ओढून उपटूं नये. कोंवळा दांडा चिरून चटणींत किंवा भाजींत घालावा.

पालकांस एक सुचवावेंसें वाटतें. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें एकाऐवजीं दोन डबे लावावे. दोहोंच्या बुडाशीं भोंकें पाडावीं. पाकळीचें टोंक वर ठेवून ती सुमारें एक इंच खोल पुरावी आणि डबे भरपूर उन्हांत ठेवावे. एक डबा पातीसाठीं : पात वीतभर झाली कीं, दोन बोटें राखून कापावी, ती पुन्हा फुटते. दुसरा गड्ड्यांसाठीं : त्याच्या पानास हात लावूं नये. सुमारें चार महिन्यांनीं पानें पिवळीं पडून माना टाकूं लागलीं कीं, पाणी तोडावें व गड्डे काढावे.

मग दोन्ही डब्यांतील गड्डे मुलांनीं स्वतः तराजूंत घालून पाहावे. पात आणि गड्डा हीं दोन्ही एकाच रोपाकडून पुरेपूर मागतां येत नाहींत, ही गोष्ट पुस्तकापेक्षां तो तराजू अधिक चांगली शिकवील.