केवळ कार्यालयीन उपयोगासाठी

सरकारी अर्जाच्या तळाशी ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असा एक भाग राखलेला असतो. अर्जदाराने तो भरून पाठविला, तरी कारकून त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. संगणकावरील अर्जांच्या बाबतीत हे शहाणपण रुजावयास मात्र एक प्रकरण घडावे लागले.

संकेतस्थळे उभारण्यासाठी ‘रेल्स’ नावाचे फ्रेमवर्क २००४ साली प्रसिद्ध झाले. श्रम वाचविण्याची हातोटी हे त्याचे मोठे आकर्षण. अर्जातील रकाने आणि नोंदवहीतील स्तंभ यांची नावे एकच ठेवली, की आलेला सारा मजकूर एका ओळीच्या आज्ञेने नोंदीत उतरे. सोय खरी, परंतु पडद्यावर दिसतात तेवढेच रकाने परत येतील, असे तिच्यात गृहीत धरलेले होते. वस्तुतः पाठविणारा त्यात पदरचा एखादा रकाना घालू शकतो. नोंदवहीत ‘प्रशासक’ असा स्तंभ असला आणि त्याने त्यापुढे ‘होय’ लिहून धाडले, तर यंत्र तेही मुकाट्याने नोंदवून घेई.

मार्च २०१२ मध्ये एका रशियन तरुणाने हा धोका रेल्सच्या कर्त्यांपुढे मांडला. ही काळजी ज्याने त्याने घ्यावी, अशा अर्थाची उत्तरे त्याला मिळाली. रेल्सची मूळ आज्ञावली गिटहब या संकेतस्थळावर ठेवलेली होती, आणि ते संकेतस्थळही रेल्सवरच उभे होते. तेथे आपली सांकेतिक किल्ली नोंदविण्याच्या अर्जात त्याने सभासद-क्रमांकाचा रकाना घुसविला व रेल्सच्या एका सभासदाचा क्रमांक लिहिला. किल्ली त्या सभासदाच्या नावे चढली. पाठोपाठ रेल्सच्या भांडारात या तरुणाची एक निरुपद्रवी फाईल दाखल झाली.

२०१३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत नियम उलटला. कोणते रकाने घ्यावयाचे, ते प्रोग्रॅमरने नावानिशी सांगावयाचे. बाकीचे गळून पडतात. चाळणी न लावता सारा अर्ज नोंदीत ओतू पाहिल्यास काम तेथेच थांबते. याहून महत्त्वाचा बदल जागेचा. पूर्वी अशी यादी, असलीच तर, नोंदीच्या व्याख्येला जोडलेली असे. आता ती अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीपाशी आली. सभासदाने स्वतःचे नाव बदलावे, हुद्दा मात्र वरिष्ठानेच, हा भेद नोंदीला कसा कळावा? समोर कोण उभे आहे, हे खिडकीलाच ठाऊक.

‘सारेच चालेल’ असे सांगण्याची वाटही रेल्सने ठेवली आहे. घाईच्या वेळी तिचा मोह पडतो. शिवाय चाळणी रकान्याचे नाव पाहते, त्यातील मजकुराचा खरेखोटेपणा नव्हे. खाते-क्रमांकाचा रकाना यादीत असेल, तर तो क्रमांक अर्जदाराचाच आहे ना, हे पाहणे प्रोग्रॅमरच्याच शिरावर राहते.