फाशीच्या कैद्याचं आयुष्य कोण शोधून काढतं?

खुनाच्या खटल्यात न्यायालयाला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. हे कृत्य या माणसानं केलं का, हा पहिला. केलं असेल तर शिक्षा कोणती, हा दुसरा. पहिल्यासाठी पंचनामे, जबाब, साक्षी, उलटतपास असं वर्षानुवर्षं चालतं. दुसरा प्रश्न कित्येकदा त्याच दिवशी निकाली निघतो. आरोपीचा वकील उभा राहतो, आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया व्हावी, एवढं बोलतो आणि खाली बसतो. निकालपत्रात त्याच्या दोन-तीन ओळी होतात. माणूस जगणार की नाही, हे तेवढ्यावर ठरतं.

कायद्याला हे मंजूर नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बच्चन सिंग खटल्यात फाशीची शिक्षा घटनेत बसते असा निर्णय दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठावर होते. पण बहुमतानं अट घातली ती कडक होती. जन्मठेप हा नियम, फाशी हा दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांपुरता अपवाद. गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहायचं, आणि तो सुधारण्याची शक्यता नाही हे सरकारनं पुराव्यानिशी दाखवायचं. आता गुन्हेगाराकडे पाहायचं तर त्याची माहिती कुणीतरी आणून न्यायाधीशापुढे ठेवायला हवी. पोलिसांचं ते काम नाही. सरकारी मदतीतून मिळालेल्या वकिलाला त्यासाठी ना वेळ मिळतो ना पैसा. त्यामुळे बच्चन सिंगनंतर तीसेक वर्षं ही अट बहुतांशी कागदावरच राहिली.

ती जमिनीवर आणण्याचं काम एका विधी विद्यापीठातल्या केंद्रानं केलं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातले प्राध्यापक अनुप सुरेंद्रनाथ २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन देशभरच्या तुरुंगांत फाशीच्या कैद्यांना भेटायला निघाले. मोजून ३८५ कैदी निघाले, त्यांतल्या ३७३ जणांशी बोलणं झालं. त्यांच्या घरच्यांनाही विद्यार्थी भेटले. मे २०१६ मध्ये अहवाल आला. चारातले तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले होते. ७६ टक्के मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. दहातल्या सहांचं माध्यमिक शिक्षण पुरं झालेलं नव्हतं. शिवाय पंधरा वर्षांत खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी शंभरातल्या पाचसुद्धा शेवटपर्यंत टिकलेल्या नव्हत्या. उरलेल्या माणसांनी फाशी यार्डात काढलेली वर्षं कुणाच्याच हिशेबात धरली जात नाहीत, ही गोष्ट मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा जड वाटते.

पुढे या केंद्राचं नाव ‘प्रोजेक्ट ३९ए’ झालं. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं घटनेत आलेला अनुच्छेद ३९ए गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याबद्दल आहे. अलीकडे हे पथक हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात गेलं असून ‘द स्क्वेअर सर्कल क्लिनिक’ या नावानं काम करतं.

काम सुरू होतं कैद्याच्या वकालतनाम्यानं. तुरुंग अधीक्षकाच्या मार्फत त्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा. मग खालच्या न्यायालयातलं सगळं दफ्तर मिळवायचं. आपल्याकडे जबाब, पंचनामे, रोजनामा मराठीत असतात, सर्वोच्च न्यायालयात ते इंग्रजीतून न्यावे लागतात, म्हणजे भाषांतर ओळीला ओळ लावून तपासणं आलं. आरोपीचं नाव पहिल्यांदा कुणी आणि कधी घेतलं? ओळखपरेड किती दिवसांनी झाली? जप्त केलेले कपडे सीलबंद कधी झाले आणि प्रयोगशाळेत कधी पोचले? विद्यार्थी हे तारीखवार लिहून काढतात. त्यांच्याकडे सनद नसते, त्यामुळे न्यायालयात उभे राहतात ते केंद्रातले वकील आणि मदतीला येणारे ज्येष्ठ वकील. पण चाळीस प्रकरणं डोक्यावर असलेल्या वकिलाला एक दफ्तर चार वेळा वाचता येत नाही. विद्यापीठाला ते परवडतं, आणि अशा केंद्राचं बळ मुख्यतः यातच आहे.

दफ्तर पुन्हा वाचल्यानं काय होतं, ते नाशिकच्या खटल्यात दिसलं. तो काही या केंद्राचा खटला म्हणून मी सांगत नाही, पद्धत कळावी म्हणून सांगतो. जून २००३ मधल्या खुनांसाठी भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे २०१४ मध्ये, फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकावी असा निर्णय झाला आणि त्या वाटेनं हे प्रकरण पुन्हा उघडलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईनं दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. हे दफ्तरात पहिल्यापासून होतं. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. सोळा वर्षं गेली होती.

गुन्हा खरोखरच घडवलेला असतो तेव्हा कामाचा दुसरा आणि अवघड भाग येतो. तो वकील करत नाहीत. मानसशास्त्र, समाजकार्य, मानववंशशास्त्र शिकलेली माणसं करतात. कैद्याचं जन्मापासूनचं आयुष्य पुराव्यासह मांडायचं, हे त्यांचं काम. आईचं बाळंतपण कुठं झालं, मूल कुपोषित होतं का, डोक्याला मार बसला होता का, शाळा कितवीत सुटली, घर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जायचं का, बाप मारायचा का, तुरुंगात गेल्यावर हा माणूस काय शिकला, कसा वागला. हे एका भेटीत कळत नाही. मुलाखतीच्या खोलीत पहिल्या दिवशी कैदी म्हणतो, “सगळं ठीक होतं.” आईही तेच म्हणते. आपल्याच घरातली मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, वेडसर ठरवून कोंडलेला मामा या गोष्टी परक्यापुढे उघड करायला माणूस लाजतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखादं वाक्य निसटतं. मग ते वाक्य धरून सरकारी दवाखान्याचा केसपेपर शोधायचा, जुन्या शिक्षकाला, शेजाऱ्याला विचारायचं. ऐकीव गोष्टीला कागदाचा किंवा दुसऱ्या माणसाचा दुजोरा मिळाला, तरच ती अहवालात भरवशानं मांडता येते.

कधी एकच कागद पुरतो. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरात सात जणांचा खून झाला. पुणेकरांना तो दिवस अजून आठवतो. त्यातल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये ती सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. खटल्याच्या कागदांत त्याचं वय वीसच्या पुढचं लिहिलेलं होतं. राजस्थानात, बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२, आणि नाव थोडं वेगळं. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करावं लागलं. बाल न्याय कायद्यानुसार अल्पवयीन असल्याचा दावा अंतिम निकालानंतरही करता येतो. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. कायद्यानं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. त्याची अठ्ठावीस गेली होती. त्याच्या सुटकेमागे प्रोजेक्ट ३९ए होतं. अल्पवयात कायद्याच्या कचाट्यात आलेल्याची ओळख उघड करू नये असं कायदा सांगतो, म्हणून मीही त्याचं नाव लिहीत नाही.

इथं वाचक विचारेल, आणि विचारायलाच हवं, की ज्यांची माणसं गेली त्यांचं काय? त्यांचं दुःख कुठल्याही अहवालानं कमी होत नाही, आणि असा अहवाल ते कमी लेखतही नाही. दोषी माणूस दोषीच राहतो, जन्मठेप भोगतो. शिक्षा सुनावणाऱ्यानं समोरचा माणूस पुरता ओळखलेला असावा, एवढीच मागणी आहे. कैद्यांच्या मनाची स्थिती पाहिली तर ती अवाजवी वाटत नाही. केंद्राच्या २०२१च्या अहवालासाठी ८८ कैद्यांचा अभ्यास झाला. दहातल्या सहांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता, शंभरातल्या अकरांना बौद्धिक अक्षमता.

या चिकाटीचा परिणाम न्यायालयावरही झाला. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठानं सांगितलं की खालच्या न्यायालयांनी सुरुवातीपासूनच आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक तपासणी आणि तुरुंगातल्या वर्तनाचे अहवाल मागवावेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेच्या सुनावणीचा हा सगळा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, की मनोज निकालाआधी फाशी कायम झालेल्यांनाही शिक्षेपुरती फेरसुनावणी मागता येईल. म्हणजे जुनी दफ्तरं पुन्हा उघडावी लागतील.

आणि माणसं अपुरी आहेत. केंद्राच्याच मोजणीप्रमाणे २०२४ अखेर देशात ५६४ कैदी फाशीच्या शिक्षेखाली होते. एका प्रकरणाच्या अशा शोधाला महिनोन् महिने लागतात. महाराष्ट्रात आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, शिवाय गावोगावची विधी महाविद्यालयं. बार कौन्सिलच्या नियमानुसार प्रत्येकात विधी साहाय्य केंद्र असायला हवं. बहुतेक ठिकाणी वर्षाकाठी एखादं शिबिर, हक्कांवर भाषण आणि फोटो, इतकंच त्याचं काम असतं. पुण्यातलं येरवडा आणि नागपूरचं अशी मध्यवर्ती कारागृहं कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या शहरांतच आहेत. दिल्लीहून किंवा हैदराबादहून आलेल्या मुलीला जालन्याच्या कैद्याच्या आईशी बोलायला दुभाषा लागतो, जबाब वाचायला भाषांतरकार लागतो. आपल्या मुलांना दोन्ही लागत नाहीत. प्राचार्यांनी एक प्रकरण, चार विद्यार्थी आणि एक समाजकार्याचा पदवीधर एवढं ठरवलं, तर पहिला वकालतनामा याच सत्रात तुरुंगात पाठवता येईल.