डेटा उडेल का हो, ताई?

बचत गटाचा हिशेब, भाचीच्या लग्नाचे फोटो, मुलांच्या शाळेचे निरोप आणि एखादीच्या फोनमध्ये तर गेलेल्या आईचा आवाज. पूर्वी हे सगळं ट्रंकेत, वहीत नाहीतर मनात असायचं. आता ते मोबाइलमध्ये असतं. त्यामुळे "ही सेटिंग बदलली तर सगळं जाईल" असं कुणी म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो.

आमच्या गटातल्या एका ताईंचा फोन फार हळू चालायचा. दुकानदाराने सांगितलं, "रीसेट मारावा लागेल, सगळं पुसलं जाईल." तर कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणाला, "डेव्हलपर मोड चालू करून बघू." या नावानेच ताई घाबरल्या. खरं तर मैत्रिणींनो, या दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीसेट म्हणजे घर रिकामं करणं. डेव्हलपर मोड म्हणजे घरातलीच एक बंद खोली उघडणं. खोली उघडली म्हणून सामान हरवत नाही.

ॲप बनवणाऱ्यांसाठी ही सोय असते. 2012 पासून अँड्रॉइडने ती लपवून ठेवली आहे, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जा आणि 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवा. काही फोनमध्ये तो 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'च्या आत असतो. फोन आपला पिन विचारतो आणि 'डेव्हलपर ऑप्शन्स' हे नवं पान दिसू लागतं. फोटो, नंबर, मेसेज सगळं जागच्या जागी राहतं.

त्या पानावर ॲनिमेशन स्केलच्या तीन ओळी आहेत. तिथला 1 चा आकडा 0.5 केला की पडदे भराभर बदलतात आणि जुना फोनही चपळ वाटतो. पण फोनची जागाच भरली असेल तर आधी नको असलेले व्हिडिओ काढा. कचरा साठला असेल तर नुसता पंखा लावून काय उपयोग?

मग धोका कुठे आहे? 'ओईएम अनलॉकिंग'ला हात लावू नका. नुसतं ते बटण दाबून काही पुसलं जात नाही, पण पुढे कुणी कॉम्प्युटरला जोडून 'बूटलोडर' उघडला तर फोन कोरा होतो. चोराला आतलं वाचता येऊ नये म्हणून ही व्यवस्था केलेली आहे. दुसरं 'यूएसबी डीबगिंग'. ते चालू असताना तुम्ही कॉम्प्युटरला परवानगी दिली, की तो फोनमध्ये बरंच काही करू शकतो. म्हणून काम झालं की ते बंद करा. अनोळखी माणूस फोनवरून "हे चालू करा, ते डाउनलोड करा" म्हणाला, तर सरळ फोन ठेवा. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच कळवा.

काही बँकांची ॲप्स हा मोड चालू असला की उघडत नाहीत. घाबरू नका, त्याच पानावर वरचं बटण बंद करा. बहुतेक फोनवर ॲनिमेशन पुन्हा पहिल्यासारखं होतं, पण डेटा तसाच राहतो.

तरीही एक सवय लावून घ्याच. काहीही करण्याआधी फोटोंची आणि व्हॉट्सॲपची प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवा. गूगलच्या खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते. गटाचा हिशेब मात्र वहीतही असू द्या.

त्या ताईंचा फोन आता बरा चालतो. शिवाय आता दुकानदार "सगळं पुसावं लागेल" म्हणाला की त्या विचारतात, "का बरं? नेमकं काय करणार आहात?" हा प्रश्न आपल्या प्रत्येकीला विचारता आला पाहिजे. फोन आपला आहे, त्यातल्या आठवणीही आपल्याच आहेत. मग त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात का?