ऐकणाऱ्यांची शाळा

नागपुरात श्रद्धा आणि मनोविकार यांची गाठ फार जुनी आहे. 1892 साली कामठीच्या ताजुद्दीन बाबांना वेडे ठरवून नागपूरच्या पागलखान्यात टाकण्यात आले. सोळा वर्षे ते तिथे होते, आणि त्या काळात लोक त्यांच्या दर्शनासाठी पागलखान्याच्या दारात गर्दी करत राहिले. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आणले. ज्याला सरकारने रुग्ण मानले, त्याच्याकडे लोक दुःख घेऊन जात होते. 1864 साली सुरू झालेला तो पागलखाना म्हणजे आजचे मानकापूर भागातले प्रादेशिक मनोरुग्णालय.

त्याच शतकात या शहरात ख्रिस्ती संस्थांनीही मूळ धरले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. त्यांच्या नावाचे कॉलेज 1883 पासून उभे आहे. सेमिनरी हिल्स हे नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले, तिथे कॅथलिक धर्मगुरू घडत आले. दीडशे किलोमीटरवर यवतमाळला 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. धर्मगुरू घडवणारी घरे आणि मनोरुग्ण सांभाळणारे रुग्णालय विदर्भात अशी शेजारीशेजारी वाढली. खचलेली माणसे दोन्हीकडे येत. पण त्यांचे ऐकायचे कसे, हे शास्त्र म्हणून शिकवणारी जागा महाराष्ट्रातल्या चर्चच्या आवारात उभी राहिली ती बऱ्याच उशिरा, आणि ती नागपुरात नव्हे तर पुण्यात. तिचे नाव साधना इन्स्टिट्यूट.

ती 1972 मध्ये सुरू केली फादर अँथनी डिमेलो यांनी. टोनी डिमेलो मुंबईचे, गोवन कुटुंबातले. जन्म 4 सप्टेंबर 1931. सोळाव्या वर्षी येशूसंघात म्हणजे जेझुइट संघात दाखल झाले. तत्त्वज्ञान शिकायला स्पेनमध्ये बार्सिलोनाला गेले, धर्मशास्त्रासाठी पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात आले, आणि 1961 मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. ही शेवटची पायरी महत्त्वाची होती. कन्फेशन ऐकणारा, साधनाशिबिरे घेणारा एक तरुण जेझुइट मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला आणि तिथे जे मिळाले ते घेऊन पुण्याला परतला.

संस्थेचे पूर्ण नाव साधना इन्स्टिट्यूट ऑफ पास्टोरल काउन्सेलिंग असे होते. पाळकीय काम करणाऱ्या फादर-सिस्टर मंडळींना समुपदेशन शिकवायचे, हा तिचा उद्देश. सुरुवात डी नोबिलीच्याच आवारात झाली. 1978 मध्ये बिऱ्हाड लोणावळ्याला हलले. मुख्य अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा, निवासी. देशभरातून निवडक माणसे येत, आणि त्यांतले बरेच जण स्वतः प्राचार्य, नवदीक्षितांचे मार्गदर्शक किंवा मोठ्या संस्थांचे प्रमुख असत. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवणारे आणि गुजराती वाचकांचे लाडके लेखक झालेले स्पॅनिश जेझुइट कार्लोस व्हॅलेस हे त्यांपैकीच एक. पुढे त्यांनी टोनींच्या शिकवणीवर एक पुस्तकही लिहिले.

इथे शिकवले काय जात होते? ज्यांचे आयुष्य दुसऱ्यांना मार्गदर्शन करण्यात गेले, त्यांना आधी मार्गदर्शन मागणाऱ्याच्या जागी बसवले जात असे. गटात बसायचे आणि स्वतःविषयी बोलायचे. राग, मत्सर, वरिष्ठांची भीती, एकटेपणा, ब्रह्मचर्याची ओढाताण, देवाविषयीचा संशय, जे आत असेल ते. प्रवचनाची सवय जडलेल्या माणसाला हे जड जाते, कारण त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असते आणि ते उत्तर बहुतेकदा स्वतःच्या भावनेपासून पळायला उपयोगी पडते. गटात ही पळवाट बंद होई. फ्रिट्झ पर्ल्स यांची गेस्टाल्ट पद्धत इथे कामी आली. त्या पद्धतीत जुनी तक्रार नुसती सांगायची नसते; या क्षणी अंगात, आवाजात, श्वासात काय होते आहे ते पाहायचे असते. कार्ल रॉजर्स यांचा विनाअट स्वीकार, सत्यनारायण गोएंका यांच्या शिबिरातून आलेली विपश्यना आणि संत इग्नेशियस लॉयोला यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या आध्यात्मिक साधनेतली रोजची आत्मतपासणी, असे सगळे प्रवाह त्यात मिसळले होते.

हे मिश्रण ओढूनताणून केलेले नव्हते. आधुनिक समुपदेशनाची काही मुळे चर्चच्याच अंगणात आहेत. रॉजर्स मानसशास्त्राकडे वळण्याआधी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मगुरू व्हायला गेले होते. अँटन बॉइसन हे अमेरिकन धर्मोपदेशक 1920 मध्ये स्वतः मनोविकाराने आजारी पडून रुग्णालयात राहिले होते. बरे झाल्यावर 1925 मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन बसवले. पुस्तकाइतकाच माणूसही वाचायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून जी प्रशिक्षणपद्धत उभी राहिली, तिच्यात विद्यार्थी रुग्णाशी झालेले बोलणे आठवून शब्दशः लिहून काढतो आणि गुरू व सहाध्यायी त्यातली वाक्ये तपासतात. रुग्ण रडू लागला तेव्हा तू बायबलचे वचन का सांगितलेस? त्याला धीर हवा होता म्हणून, की तुला ते रडणे सोसेना म्हणून? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येणे, हेच तिथले शिक्षण.

1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीने एक पाऊल पुढे टाकले. धर्मपीठाच्या आत क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट देणारी शाळा काढली, आणि पुढे तिला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची मान्यता मिळाली. भारतात ई. स्टॅनली जोन्स या मेथॉडिस्ट मिशनरींनी 1950 मध्ये लखनौला नूर मंझिल हे मनोपचार केंद्र सुरू केले. वेल्लोरला 1971 पासून ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटर समुपदेशक घडवत आले आहे. साधना याच कुळातली, पण तिचा भर सर्वांत जास्त होता तो शिकणाऱ्याच्या स्वतःच्या मनावर.

या भराचे मोलही तिला मोजावे लागले. टोनींच्या नंतरच्या लेखनात कोणत्याही एका धर्मचौकटीच्या पलीकडचे सूर येऊ लागले. 2 जून 1987 रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या अखत्यारीतल्या व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. संस्थात्मक धर्म आणि माणसाचे मोकळे मन यांच्यातला ताण इथे उघड दिसतो. श्रद्धेच्या आवारात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेला या ताणाशी कधी ना कधी सामना करावाच लागतो.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे, आणि ती असायलाच हवी. नऊ महिन्यांच्या साधनेतून उत्तम ऐकणारा तयार होईल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार त्या नावाला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता लागते. आजवर तिचा मुख्य मार्ग मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम. फिल.चा राहिला आहे. त्यात रुग्णालयात देखरेखीखाली काम करावे लागते. बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्व चाचण्या, निदान, आत्महत्येचा धोका ओळखणे, मानसोपचार हे सगळे रुग्णांसोबत शिकावे लागते. स्किझोफ्रेनियाला नुसती प्रार्थना पुरत नाही आणि नुसते ऐकणेही पुरत नाही, हे ज्याला कळले नाही त्याच्या हाती रुग्ण देता येत नाही. याच कायद्यात आणखी एक मोलाचे कलम आहे: समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. सेमिनरीत मानसशास्त्र शिकवायचे तर हे कलम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावे.

मग श्रद्धेच्या आवाराची गरजच काय, असे कुणी विचारेल. गरज आहे, कारण माणसे तिथेच आधी जातात. घरात कुणाची झोप उडाली, कुणी एकट्यानेच बोलू लागले, की बहुतेक घरे आधी देऊळ, दर्गा किंवा चर्च गाठतात. ख्रिस्ती घरात पहिला फोन फादरना किंवा पाळकांना जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण थांबवण्यासाठी महाराष्ट्राला 2013 मध्ये कायदा करावा लागला, यावरून त्या पहिल्या दारात काय घडू शकते ते कळते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये होती. त्यात आढळले की वेगवेगळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. एवढी मोठी दरी केवळ तज्ज्ञांच्या संख्येने भरणार नाही. पहिल्या दारात बसलेला माणूस शहाणा असला, तर रुग्ण रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचतो.

साधनेचा धडा श्रद्धेच्या सीमेपलीकडेही लागू आहे. आपल्याकडे मानसशास्त्राचा विद्यार्थी सिद्धान्त आणि चाचण्या शिकतो, पण स्वतःच्या मनाला क्वचितच सामोरा जातो. बापाचा धाक सोसलेला तरुण बापाविषयी रडणाऱ्या रुग्णासमोर बसतो, तेव्हा त्याच्या आत काय ढवळते, हे त्याला कुणी विचारत नाही. टोनींनी पन्नास वर्षांपूर्वी नेमके हेच विचारायला सुरुवात केली होती.

नागपुरात या कामाचे सर्व भाग हाताशी आहेत. 1864 चे मनोरुग्णालय आहे, 1923 चे विद्यापीठ आहे, हिस्लॉप आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्ससारखी ख्रिस्ती कॉलेजे आहेत, धर्मगुरू घडवणारी सेमिनरी आहे. सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी वर्षातले काही महिने मनोरुग्णालयाच्या वॉर्डात देखरेखीखाली काम करावे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर आपल्याच गटात बसून स्वतःचे मन तपासावे. दोघांनी एकमेकांच्या नोंदी वाचाव्यात आणि कुणाला केव्हा कुणाकडे पाठवायचे हे ठरवून घ्यावे. यासाठी नवी इमारत नको, मोठा निधीही नको. या संस्था चालवणाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसावे, एवढीच कळकळीची विनंती आहे. येत्या शैक्षणिक वर्षात त्यांनी ते करून दाखवावे.