काय खावं ते कळलं, पण कधी?

काय खावं आणि किती खावं, यावर घरोघरी चर्चा रंगतात. तिसरा प्रश्न मात्र मागे राहतो: कधी खावं? संशोधकांनी हा प्रश्न मिनिटांत, तासांत आणि थेट अख्ख्या आयुष्याच्या हिशेबात तपासून पाहिला आहे. त्यातून हाती आलेल्या या दहा गोष्टी.

१. यकृताचं घड्याळ वेगळं!
मेंदूतल्या सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका शरीराचं मुख्य घड्याळ चालवतो. त्याची वेळ लागते ती उजेडावर. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांनाही आपापली घड्याळं आहेत आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. २००० साली जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी रात्री खाणाऱ्या उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं. यकृताचं घड्याळ फिरलं, मेंदूचं जागचं हललं नाही. एकाच शरीरात दोन वेळा! पेशींमधल्या या घड्याळाचं गुपित उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

२. खाणं तेवढंच, तास कमी
मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये २०१२ साली उंदरांच्या दोन गटांना सारखंच तेलकट खाणं दिलं. एक गट दिवसरात्र खायचा, दुसरा फक्त आठ तास. उष्मांक जवळपास सारखे, तरी दुसऱ्या गटाचे उंदीर सडपातळ राहिले. माणसांचं काय? २०१८ च्या एका छोट्या अमेरिकन प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांनी पाच आठवडे दिवसाचं शेवटचं जेवण दुपारी ३ च्या आत उरकलं. वजन तेवढंच राहिलं, पण इन्सुलिन अधिक चांगलं काम करू लागलं आणि रक्तदाबही उतरला.

३. पण घड्याळ म्हणजे जादू नव्हे
चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळेत खाण्याचं बंधन होतं. २०२२ साली निकाल आला: दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नाही. वेळ पाळल्याने मदत होते, पण किती खातो हा प्रश्न सुटत नाही.

४. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी
अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन वाढतं आणि इन्सुलिनचं काम मंदावतं. म्हणून तेच जेवण रात्री उशिरा घेतलं तर रक्तातली साखर जास्त चढते. बोस्टनमध्ये १९ तरुणांना प्रयोगशाळेत ठेवून कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली. जागरण तेवढंच करून फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. परिचारिका, पोलीस, सुरक्षारक्षक, कारखान्यातले कामगार यांच्यासाठी ही फार मोलाची माहिती आहे.

५. आधी कोशिंबीर, मग पोळी-भात
न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१५ साली मधुमेहाच्या ११ रुग्णांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी खाऊन पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले, तेव्हा तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. ताटातला एकही पदार्थ बदललेला नव्हता!

६. शतपावली पास!
न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे ४१ मधुमेही रुग्णांना दोन पर्याय दिले: दिवसात कधीही ३० मिनिटं चाला, किंवा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. मिनिटं तेवढीच, पण जेवणानंतर चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. जेवणानंतर शतपावलीचा आजीचा आग्रह शास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरला.

७. पोह्यांवर लिंबू हो, सोबत चहा नको
पोहे, पालेभाज्या, कडधान्यं यांतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. त्याच घासाला लिंबाचं क जीवनसत्त्व मिळालं की ते जास्त शोषलं जातं. चहातली टॅनिनं मात्र त्याला अडवतात. चहा सोडायची गरज नाही, तासभर थांबा. रक्तक्षय असलेल्यांनी तर नक्कीच.

८. शेंगदाणा बाळपणीच
लंडनमधल्या संशोधकांनी ४ ते ११ महिन्यांची, ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं निवडली. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, उरलेल्यांना कटाक्षाने दिले नाहीत. पाचव्या वर्षी, खाणाऱ्या मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. २०१५ च्या या निकालाने डॉक्टरांचा सल्लाच पालटला. एक खबरदारी: अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकू शकतो, म्हणून मऊसूत करूनच द्या; तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

९. पहिले २८ दिवस
गर्भाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायची असते. आधीच्या खेपेला बाळात ही नळी नीट न मिटल्याचा दोष आढळलेल्या स्त्रियांमध्ये या गोळीने ७२ टक्के संरक्षण मिळाल्याचं १९९१ साली सिद्ध झालं. याच फॉलिक ॲसिडचा, म्हणजे फोलेटचा, माग प्रथम लागला मुंबईत! १९२८ साली ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स इथे आल्या आणि गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेता घेता त्या या घटकापर्यंत पोहोचल्या.

१०. रेशनची साखर आणि पुण्याची बाळं
ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखरेवर रेशन होतं. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखरेचा खप जवळपास दुप्पट झाला. २०२४ च्या एका अभ्यासाने त्या काळात जन्मलेल्यांची तुलना केली. गर्भात आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांच्या वाट्याला साखर कमी आली, त्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. लहानपणीच्या दोन वर्षांचा पन्नाशी-साठीतही उपयोग!

अशीच गोष्ट आपल्याकडेही उलगडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५, पण हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त. गर्भारपणाच्या १८ व्या आठवड्यात दूध आणि २८ व्या आठवड्यात पालेभाज्या-फळं वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं अधिक भरलेली निघाली. आईच्या शरीरात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षीच मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसू लागली.

मग करायचं काय? रात्रीचं जेवण लवकर, नंतर शतपावली, चहा तासाभराने. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि सर्वांत महत्त्वाचं: घरातल्या मुलीला, म्हणजे उद्याच्या आईला, सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं वाढण्याची रीत आजच मोडा. तिच्या ताटात दूध, डाळ, पालेभाजी आणि फळ शाळेच्या वयापासूनच हवं, कारण पुढच्या पिढीचा मधुमेह टाळण्याची सर्वांत चांगली वेळ तीच आहे.